आप्पाराव संकुलातली आतली काच

कर्नाटकाच्या सीमेवरल्या आळंदमधे काचेचं काम निघालं की लोक नागसेनकडं जायचे, आणि नाही गेले तर नागसेन त्यांच्याकडं जायचा. "उभ्या तालुक्यात काच कळणारा एकच माणूस हाय," तो सांगायचा, "अन् तो माणूस आत्ता तुमच्या घरी च्या प्यायलाय!"

गडी जवळच्याच मादन हिप्परगा गावचा. हैदराबादेत त्यानं उंच उंच इमारतींना दोरीवर लोंबकळत काचा चिकटवल्या होत्या, आणि मग आळंदला येऊन उमरगा रोडवर स्वतःचं दुकान टाकलं होतं. काचेच्या खालोखाल त्याला अभिमान होता तो आपल्या निडरपणाचा. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातलं भूतखेत, अंगारे-धुपारे सगळं वेशीबाहेर गेलं होतं. "भ्या म्हंजे काय ते आमच्या खानदानाला ठाऊकच न्हाई!" हे वाक्य तो पंचशीला, म्हणजे त्याची बायको, जवळपास नसताना म्हणायचा. पंचशीला शाळेत शिकवायची, आणि पाल दिसली की घरात खुर्चीवर कोण चढतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर अशा या नागसेनला एक दिवस सोजराबाईंचा निरोप आला.

सोजराबाई म्हणजे तुरीचे व्यापारी आप्पाराव यांच्या पत्नी. आप्पारावांनी रस्त्याकडेला मोठी जागा घेऊन दुकानांच्या इमारतीचा पाया घातला, आणि भिंती कमरेएवढ्या झाल्या तेव्हा स्वतःच गेले. बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि उन्हात उभं राहून इमारत वर नेली. नाव ठेवलं 'आप्पाराव संकुल'. खाली भाड्यानं द्यायचा मोठा हॉल, हॉलच्या मागं मालकाची केबिन. आता उरलं होतं फक्त काचेचं काम.

"नागसेन," बाईंनी विचारलं, "काच बाहेरून लावावी का आतून? कुणी म्हणतंय बाहेरून लावा, शहरावानी दिसंल. कुणी म्हणतंय आत लावा, उजेड येईल. माझं तर डोस्कंच चालंना."

नागसेन याच प्रश्नासाठी जन्माला आला होता! तो खुर्चीत पुढं सरकला.

"अक्का, बाहेरची काच येगळी अन् आतली येगळी. बाहेरची ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर घेती. तिला आरशावानी मुलामा असतो. ऊन आलं की आल्या पावली माघारी! रस्त्यावरल्या माणसाला त्याचंच तोंड दिसतं, आतलं काय दिसत न्हाई. आतल्या, केबिनीच्या काचेला कशाचं ऊन अन् कशाचा वारा? तिचं काम नुसतं आडोसा करायचं. ती पाण्यावानी नितळ पायजे. बाहेरची काच म्हंजे छत्री बगा, अन् आतली काच म्हंजे पदर!"

"मग दोन्ही लाव," सोजराबाई म्हणाल्या. "छत्री गळकी नको अन् पदर फाटका नको. झालं?"

"आमचं काम हाय ते, अक्का! अन् आणखी एक अक्कल लावणार हाव मी. दोन्हीकडच्या काचा एकाच मापाच्या! एखादी फुटलीच, तर हिकडची तिकडं बसती. वाया काय जायचं न्हाई."

या अकलेवर नागसेन इतका खूष झाला की घरी जाऊन त्यानं पंचशीलालाही ती दोनदा ऐकवली.

काचा आल्या. सगळ्यांना दोन्ही अंगांनी निळा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला, ओरखडे उठू नयेत म्हणून. काचा बसवायला कलबुर्गीहून शिवशरण आपली माणसं घेऊन आला. हाताचा चांगला, पण बोलणं सगळं कन्नड. आणि नेमकं त्याच दिवशी नागसेनला कमलनगरला जावं लागलं, मेहुणीच्या लग्नाला. वरात निघालेली, डीजे असा दणाणत होता की रस्त्याकडेच्या म्हशी दावं तोडायला बघत होत्या. तेवढ्यात शिवशरणचा फोन.

"अण्णा, चकाकणारी काच कुठं बसवायची?"

आता कन्नडात बाहेर म्हणजे 'होरग' आणि आत म्हणजे 'ओळग'. शांत खोलीत, समोरासमोर बसून, सावकाश म्हटलं तरी दोन्हींत केसाएवढं अंतर. नागसेननं एका कानात बोट घातलं आणि नवरदेवाच्या घोड्याशेजारी उभं राहून बोंब ठोकली, "होरग! होरग!"

"ओळग?"

"हां, हां! होरग!"

आणि तो नाचायला गेला.

परत आला तेव्हा सगळ्या काचा बसून त्यांचा चिकटवायचा मसाला वाळून पक्का झाला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सोजराबाईंच्या समक्ष निळे कागद ओढले. नागसेन रस्त्यावर उभा राहून बघत होता. समोरून इमारत नव्हतीच! रस्त्यावरून थेट आतली शिडी, सिमेंटचं रिकामं पोतं आणि रंगाऱ्याचा जेवणाचा डबा दिसत होता. तो आत धावला. मागं, केबिनला, आरशाची भलीमोठी भिंत उभी होती आणि त्या भिंतीतून तोंड वासलेला नागसेन त्याच्याकडं धावत येत होता.

त्यानं कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "शिवशरण, काय करून ठिवलंस हे?"

"तुम्हीच म्हणलाव की ओळग!"

"होरग म्हणलो मी! होरग!"

"हां," शिवशरण म्हणाला, "आत्ताबी ओळगच ऐकू यायलंय."

मागं सोजराबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कन्नड त्यांना मराठीइतकंच यायचं, पण त्यांचं लक्ष काचेकडं होतं. "नागसेन, तू तर उलटं सांगितलं होतंस न्हवं?"

इथं नागसेननं खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण काच कळणारा एकच माणूस! तो म्हणाला, "मुद्दाम, अक्का! नवी पद्धत हाय. दुकान रस्त्यावरून उघडं दिसलं पायजे, म्हंजे गिऱ्हाईक आत शिरतंय. अन् केबिनीतल्या मालकाला समदा हॉल दिसावा, पर मालकाला मात्र कुणी बगू नये!"

सोजराबाई बराच वेळ त्या चकाकत्या भिंतीकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे तिकडनं यांना सगळं दिसंल."

"कुणाला?"

"यांना."

त्यांनी आप्पारावांचा माणूसभर उंचीचा फोटो करून आणला होता. डोक्याला पटका, खाली मिशा, आणि सरळ आपल्याकडं बघणारे डोळे. तो त्यांनी केबिनच्या मागच्या भिंतीवर, काचेकडं तोंड करून उभा लावला. गळ्यात चंदनाचा हार घातला. पायाशी तांबूस उजेडाचा छोटा दिवा ठेवला, कायम जळणारा. आणि काचेच्या अलीकडं, हॉलमधे, एक पायपुसणं टाकलं. आत मालक आहेत, तेव्हा इथं चपला काढायच्या.

"बांधून झालेला हॉल यांना बगायला मिळाला न्हाई," बाई म्हणाल्या. "आता बसून बगू देत. कोण येतंय, कोण जातंय."

वैशाखातल्या उन्हात नागसेनच्या मानेवर काटा आला. पंखा लागला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. पंखे अजून बसायचे होते.

उद्घाटनाला नितळ काचेवर इतकी नाकं आपटली की बाईंनी शेवटी काचेवर कुंकवाची बोटं ओढून घेतली. दुपारी हॉलची भट्टी झाली. ऊन माघारी जायचं सोडून आत येऊन ठाण मांडून बसलं. पेढे वितळून एकमेकांच्या गळ्यात पडले. नागसेन घाम पुसत सगळ्यांना सांगत होता, "नवी पद्धत हाय, नवी पद्धत!"

एवढ्यावर भागलं असतं. पण दोन-चार दिवसांनी हॉल बघायला जगदेवप्पा आले.

जगदेवप्पांचं बसस्टँडजवळ जुनं कापडाचं दुकान. देहानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. बायको ईरम्मा सोडली तर कुणाला भीक घालत नव्हते. भाऊबंदाशी बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललेलं. त्यांना दुकान मोठ्या जागेत न्यायचं होतं. दिवसभर गिऱ्हाईक, म्हणून ते दिवेलागणीच्या जरा आधी आले. नागसेन दाराशी बिजागरी घट्ट करत होता.

"अण्णा, आत जाऊन बगा की! मालकाला मान द्यायला चपला तेवढ्या काढा."

जगदेवप्पा आत गेले. हॉलचे दिवे अजून लावले नव्हते. दर्ग्याच्या बाजूनं अजान ऐकू येत होती. चपलांचा फटकफटक आवाज केबिनपर्यंत गेला आणि थांबला.

मग काहीच ऐकू येईना.

इतका वेळ काहीच ऐकू येईना, की नागसेननं वाकून पाहिलं. अंधारत चाललेल्या हॉलच्या टोकाला जगदेवप्पा पायपुसण्यावर पाठमोरे उभे होते. हात अंगाला चिकटलेले. मग ते एकेक पाऊल मागं सरकू लागले, काचेला पाठ न दाखवता. तसेच उलटे चालत ते दारापर्यंत आले, वळले आणि दार चुकून शेजारच्या काचेवर नाक आपटून बाहेर पडले.

"काय झालं अण्णा?"

जगदेवप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा तो दणकट आवाज कुठल्याशा विहिरीतून यावा तसा आला. "माझी येळ झाली रे, नागसेना." आणि ते अनवाणीच निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आळंदमधे चमत्कार घडू लागले. जगदेवप्पांनी बांधावरची बाभळ भाऊबंदाला देऊन टाकली! वर त्याची माफी मागितली! दुभती गाय मेहुण्याच्या दारात नेऊन बांधली. दुकानातल्या उंची शाली वाटल्या. मग फोटो स्टुडिओत जाऊन बसले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "असा काढ, की हाराला शोभंल." शेतात जाऊन लिंबाखाली समाधीची जागा बघून आले. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. म्हणून घरी आल्यावर मांडी घालून बसायची सवय करू लागले. गुडघे आखडलेले, त्यामुळं रोज दोघांना धरून उठवावं लागायचं.

इथवर लोक हसत होते. मग ईरम्मा नागसेनच्या दुकानात आली, आणि ती हसत नव्हती.

"नागसेना, तुझ्या त्या काचेत काय हाय ते सांग," ती म्हणाली. "हे म्हणत्यात, आप्पारावानं मला माझाच फोटो दाखवला. गळ्यात हार, म्होरं दिवा. माझंच तोंड! ह्यांनी साखरेच्या बीमारीच्या गोळ्या बंद केल्यात. मरायचंच हाय तर कडू कामून खाऊ म्हणत्यात. पायावर सूज आलीय. डाक्टर म्हणला, असंच चाललं तर काचेनं मारलं न्हाई तरी साखर मारंल."

नागसेननं तिला पाणी दिलं. "अक्का, भूतबीत कुठं असतंय व्हय? मी आजच जातो अन् बगून येतो. भ्या म्हंजे काय ते आमच्या खानदानाला…"

"जा मग," ईरम्मा म्हणाली.

तो गेला. दिवस बुडत आला होता. चावी फिरवून आत शिरला तर दिवसभराचं ऊन हॉलमधे दाटून राहिलेलं, कुणीतरी नुकतंच इथून उठून गेल्यासारखं. ओल्या रंगाचा वास. पायपुसण्याशेजारी जगदेवप्पांच्या चपला अजून तशाच, काचेकडं तोंडं करून. नागसेन पायपुसण्यावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान वर केली.

काचेत नागसेन होता. बरं वाटलं त्याला. आरसा आहे, आपण आहोत, झालं!

मग त्याला गळ्यातला हार दिसला.

त्यानं छातीवर हात ठेवला. हाताला शर्ट लागला. काचेत मात्र चंदनाचा हार होता, खाली तांबूस दिवा जळत होता, आणि त्याच्याच तोंडाभोवती हळूहळू एक पटका उगवत होता. त्यानं डोळे मिटले, उघडले. आता डोळे चार होते. दोन त्याचे, दोन दुसऱ्या कुणाचे, आणि ते दुसरे मिटत नव्हते. बाहेर उजेड जसजसा कमी होत होता तसतसं त्याचं स्वतःचं तोंड विझत चाललं होतं. गाल गेले. ओठ गेले. त्यांच्या जागी मिशा आल्या. आपण इथं उभे आहोत आणि तिकडं पुसले जातोय, एवढंच त्याला कळत होतं. शेवटी त्याचे डोळेही गेले आणि ते दुसरे तेवढे राहिले, सरळ त्याच्याकडं बघत.

काचेचं सगळं शास्त्र त्याला पाठ होतं. पण भीती आली की पाठ केलेलं सगळ्यात आधी पळतं, आणि त्याच्या मागोमाग माणूस. नागसेन थेट स्वतःच्या दुकानासमोर येऊन थांबला. गाडी संकुलाशीच राहिली होती. ती त्यानं दुसऱ्या दिवशी भर दुपारी आणली.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. पण ताटात भाकरी तशीच राहू लागली. आरशासमोर दाढी करायची सोडून तो न्हाव्याकडं जायला लागला, आणि तिथंही डोळे मिटून बसायचा. एक दिवस त्यानं पंचशीलाला विचारलं, "माझ्या मागं दुकान चालवशील न्हवं?"

पंचशीलानं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तुम्हीबी ते बगितलंय. व्हय ना?"

नागसेननं मान हलवली.

"तिकडं जगदेवप्पांना सलाईन लावलंय. ईरम्मा सांगत होती, गोळी तोंडात घातली की थुकायलेत म्हणून. अन् तुम्ही हितं दुकान वाटायलाव! रोज पोरांना शिकवते मी, भूत नसतं म्हणून. चला. आज मला बगायचंय."

"आज? उद्या दुपारी जाऊ की…"

"दुपारी दिसत न्हाई ना ते? मग सांजच्यालाच जायचं."

दोघं गाडीवरून संकुलाशी आले. तोच पंचशीलाला शाळेतून फोन आला. "व्हा पुढं, आलेच," ती म्हणाली. पुढं व्हायची नागसेनची मुळीच इच्छा नव्हती. पण बायको बघत होती आणि खानदानाचा प्रश्न होता. मनातल्या मनात बुद्धाचं त्रिशरण म्हणत, पाय ओढत तो आत गेला, डोळे घट्ट मिटून पायपुसण्यावर उभा राहिला, आणि त्यानं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

हार होता. दिवा होता. ते चार डोळे होते.

"अहो!" दारातून पंचशीलाचा आवाज आला. "डोक्यावरचं हेल्मेट तरी काढायचं!"

नागसेननं काचेत पाहिलं. हाराच्या वर, पटक्याच्या जागी, त्याचंच लालभडक हेल्मेट होतं. हनुवटीखाली पट्टा. हेल्मेटच्या आत पटका, पटक्याच्या खाली मिशा.

तो बघत राहिला. मेलेल्या माणसाच्या फोटोला हेल्मेट! असा फोटो उभ्या जन्मात कुणी पाहिलाय का? हेल्मेट घालून कुणी फोटोत जात नाही; न घातलेलेच जातात! त्यानं हात वर केला. काचेतल्या हेल्मेटलाही एक हात आला. त्यानं एक पाऊल डावीकडं टाकलं. हेल्मेट सरकलं आणि पटका, मिशा, हार जागच्या जागी राहिले. आप्पाराव एकटे, शांत उभे. तो परत पायपुसण्यावर आला, आणि हेल्मेट पुन्हा आप्पारावांच्या डोक्यावर!

"अगं," नागसेन ओरडला, "फोटो हाय! आत आप्पारावांचा फोटो हाय अन् वर माझी सावली पडलीय! दुपारी नुसता आरसा, रात्री नुसता फोटो, अन् सांजच्याला दोन्ही उजेड सारखे झाले की दोन्ही एकात एक! हे पायपुसणं! जो येतोय तो हितंच उभा ऱ्हायलाय! ही काच बाहेरची हाय, पंचशीला! बाहेरची काच आत बसलीय!"

"मग हे काच बसवणाऱ्याला आधी कळाय नको होतं व्हय?" पंचशीला म्हणाली.

नागसेननं हेल्मेट काढलं.

दुसऱ्या दिवशी सलाईन निघाल्यावर जगदेवप्पांना जीपमधे घालून संकुलावर आणलं. ते यायलाच तयार नव्हते. "मला परत न्यायचं न्हाई तिकडं, त्यो बोलवायलाय," म्हणत शालीत तोंड लपवत होते. ईरम्मानं एका हातानं शाल धरली, एका हातानं त्यांना. सोजराबाईंनाही बोलावलं होतं. सांज झाली की त्या घरी दिवा लावायला जायच्या, म्हणून त्यांनी हे काही पाहिलंच नव्हतं.

जगदेवप्पांना पायपुसण्यावर उभं केलं. त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या गळ्यातून लहान पोरासारखा आवाज निघाला. काचेत तेच होते, हार घातलेले, पटका बांधलेले, सुकत चाललेले.

नागसेननं हॉलची ट्यूब लावली. हार गेला. शालीतले जगदेवप्पा तेवढे राहिले.

ट्यूब बंद. हार आला. ट्यूब चालू. हार गेला.

"परत कर," जगदेवप्पा म्हणाले.

त्यानं परत केलं. पाच-सात वेळा करवून घेतल्यावर जगदेवप्पांचा आवाज जरासा वर आला. "म्हंजे आप्पाराव बटनात हाय?"

"बटनात न्हाई, अण्णा. काचेत हाय. ही काच बाहेर बसायची होती, ती आत बसली." त्यानं सोजराबाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मुद्दाम केलं न्हाई, अक्का. चुकलं. अन् चुकलं ते चुकलं, वरून मी नवी पद्धत म्हणून सांगितलं."

जगदेवप्पांचा अजून पुरता विश्वास बसेना. त्यांनी ईरम्माला ढकललं. "तू उभी ऱ्हा बगू."

ईरम्मा उभी राहिली. पटक्याखालच्या मिशांतून तिनं स्वतःकडं निरखून पाहिलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. "मला पटका बरा दिसतोय की!" ती म्हणाली.

आणि जगदेवप्पा हसले. आधी पोट हललं, मग खांदे, मग त्यांचा तो आडवा आवाज हॉलभर घुमला. हसता हसता त्यांनी बायकोपुढं तळहात धरला. "गोळी आण!" गोळी गिळली, पाणी प्याले, शालीनं तोंड पुसलं आणि मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. "अन् ती बाभळ! ईरम्मा, ती बाभळ आधी परत माग! अन् गाय!"

भांडत भांडत दोघं जीपकडं गेले. गाय आली. बाभळ काही अजून आलेली नाही. भाऊबंद म्हणतो, माफी मागितली ती खरी, मग बाभळ खोटी कशी?

हॉलमधे सोजराबाई राहिल्या होत्या. नागसेननं ट्यूब लावायला हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

त्या चपला काढून पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. काचेत त्यांच्या कपाळावर पटका आला, गळ्यात हार आला. त्यांचे डोळे आणि आप्पारावांचे डोळे एका जागी आले आणि बाई हलल्या नाहीत. बाहेर उमरग्याची बस गेली. उजेड कमी होत गेला तशा त्या काचेतून विझत गेल्या, अगदी सावकाश, समईची वात खाली जावी तशा. शेवटी आप्पाराव एकटे उरले. तरीही त्या उभ्या होत्या.

"नागसेन," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बाहेरची काच बदल. ऊन लई यायलंय, हॉल कुणी घेणार न्हाई. बाहेर तुझी ती छत्रीच लाव."

"व्हय, अक्का. माझ्या पदरची लावतो. अन् ही आतलीबी काढतो, उद्याच…"

"ही काढू नको."

"अक्का, लोकांना भ्या वाटंल."

"लोकांना सांग, सांजच्याला हिकडं येऊ नका म्हणून." त्यांनी चपला पायात घातल्या. "ती येळ माझी."

बाहेरच्या काचा बदलल्या. या वेळी नागसेन कुठल्याही लग्नाला गेला नाही. काच हातात धरून, बोट दाखवून, एकेक बसवून घेतली. आता संकुलासमोरून जाणाऱ्याला आपलंच तोंड दिसतं आणि हॉल मे महिन्यातही थंड असतो. जगदेवप्पांनी तो भाड्यानं घेतला. दुकान झकास चालतं. मात्र ऊन कलायला लागलं की ते शटर ओढून घरी जातात. उन्हाचा त्रास होतो, म्हणतात.

सोजराबाई रोज सांजेला येतात, थोडा वेळ उभ्या राहतात, जातात.

आणि नागसेन? तो येईल त्याला सगळं शास्त्र समजावून सांगतो. उजेड कसा पडतो, सावली कशी बसते, बाहेरची काच आत लावली की काय होतं, आणि अडाणी माणसं कशी उगाच भितात. फक्त काम संपल्याच्या दिवशी त्याचं ड्रिल मशीन त्या केबिनमधे राहिलं, फोटोच्या पायाशी. आणायचंय, आणायचंय म्हणतो. दिवसा दुकानातून सवड होत नाही. आणि सांजच्याला… सांजच्याला काय की, नेमकं दुसरंच काहीतरी काम निघतं. परवा त्यानं कलबुर्गीहून नवीन ड्रिल आणलं.